बूथ आमच्या हातात, तिकीट मात्र घराण्यात: सीमाभागातल्या भाजपच्या बायकांविषयी

वडगाव_मंगाई

नमस्कार मंडळी.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या मराठी बायका भाजपमध्ये एवढ्या संख्येनं कशा आल्या आणि आल्यावर त्यांचं पुढं काय होतंय, यावर आपल्याकडं नीट बोलणं होत नाही. विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी सीमाप्रश्नावर जाते आणि बायका बाजूला राहतात. मी भाजपच्या महिला मोर्चाचं काम करते. पक्षावर माझा जीव आहे. म्हणूनच हे उघड्यावर लिहितेय.

सप्टेंबर २०२१ ची बेळगाव महापालिकेची निवडणूक आठवा. भाजप पहिल्यांदा चिन्हावर उतरला आणि ५८ पैकी ३५ वॉर्ड जिंकला. निम्मे वॉर्ड महिलांना राखीव, त्यामुळं घराघरातून बायका उमेदवार झाल्या. महापौर निवडायला मात्र दीड वर्ष गेलं. ६ फेब्रुवारी २०२३ ला शोभा सोमनाचे महापौर आणि रेश्मा पाटील उपमहापौर झाल्या. दोघी मराठी, दोघी भाजपच्या. पुढच्या वर्षी सविता कांबळे महापौर झाल्या. आमच्या वडगाव, खासबागच्या गल्ल्यांत त्या दिवशी काय वाटलं ते आम्हालाच ठाऊक.

आता वर बघा. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा. २०२३ ला भाजपच्या ७ आल्या, त्यात बाई एकच, निपाणीच्या शशिकला जोल्ले. राज्यात २२४ पैकी १० महिला आमदार निवडून आल्या, भाजपच्या त्यात तीन: जोल्ले, महादेवपुऱ्याच्या मंजुळा लिंबावळी आणि सुळ्ळ्याच्या भागीरथी मुरुळ्या. २०१८ लाही तीनच होत्या: जोल्ले, कारवारच्या रूपाली नाईक, हिरियूरच्या पूर्णिमा. २०१९ ला येडियुरप्पांच्या मंत्रिमंडळात एकच बाई, बोम्मईंच्याही मंत्रिमंडळात एकच. दोन्ही वेळा जोल्ले वहिनीच.

आणि दिल्लीचं म्हणाल तर मंगला अंगडी. सुरेश अंगडी सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनानं गेले, २०२१ च्या पोटनिवडणुकीत वहिनी उभ्या राहिल्या आणि बेळगावच्या पहिल्या महिला खासदार झाल्या. साहेब २०१९ ला पावणेचार लाखांहून जास्त मतांनी आले होते, वहिनी सुमारे ५ हजार २०० नी आल्या. त्या निवडणुकीत आम्ही भर उन्हात, कोरोनाच्या भीतीत घरोघर फिरलोय. २०२४ ला तिकीट जगदीश शेट्टरांना गेलं. ते त्यांचे व्याही. बाईला बसवलं कुणी, उठवलं कुणी, यात मोर्चातल्या एकीलाही कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं असं: वॉर्ड आणि विधानसभा यांच्यामधली शिडीच काढून घेतलीय. ती शिडी म्हणजे झेडपी आणि टीपी, जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायत. फेब्रुवारी २०१६ नंतर त्यांची निवडणूक झालेली नाही, मुदत २०२१ ला संपली. बेळगाव झेडपीच्या ९० जागा, त्यातल्या निम्म्या बायकांच्या. म्हणजे ४५ बायका अख्खा जिल्हा बघून, अधिकाऱ्यांशी भांडून, बजेट वाचून तयार झाल्या असत्या. वरच्या यादीतल्या भागीरथी मुरुळ्या बघा, त्यांच्यामागं घराणं नाही, त्या झेडपीतून वर आल्या. आमच्याकडं तशी बाई तयार होण्याची जागाच बंद आहे. उद्या महिला आरक्षणाचा कायदा लागू झाला की १८ मधल्या साधारण ६ जागा बायकांच्या होतील. तेव्हा तिकिटं कुणाला जातील? आमदारांच्या सौभाग्यवतींना आणि सुनांना. पक्ष म्हणेल, तयार बाई मिळाली नाही.

तुमच्या भागात काय चित्र आहे ते लिहा.

शहापूर_सीमावासी

ताई, तळमळ पोचली. पण एक गोष्ट तुम्ही गाळलीत. मराठी बाई महापौर व्हायला भाजप यावा लागला नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सरिता पाटील २०१६ ला महापौर होत्या, संज्योत बांदेकर २०१७ ला. आणि १९८६ च्या कन्नडसक्तीच्या वेळी रस्त्यावर उतरलेल्या बायका कुठल्या पक्षाच्या तिकिटासाठी आल्या नव्हत्या. त्यांच्या लेकी आज कमळाचा बॅज लावून फिरतात, आणि महापालिकेची नोटीस मराठीत द्या म्हणायची वेळ आली की सभागृहात खाली बघतात. तिकिटाचा हिशोब करताना हाही हिशोब करा.

वडगाव_मंगाई

काका, सरिताताई आणि संज्योतताईंचं नाव घेतलंत ते बरं केलंत, मी गाळायला नको होतं. पण विधानसभेचं बोला. १९५७ पासून २०१३ पर्यंत समितीचे एवढे आमदार झाले, त्यात एक तरी बाई? मोर्चात पुढं बायका, कारण पोलीस लाठी उचलताना विचार करतात. बैठकीत मात्र सतरंजीवर पुरुष आणि आतल्या खोलीत चहा टाकायला आम्ही. माझ्या आईनं १ नोव्हेंबरचा काळा दिन कधी चुकवला नाही, पण उमेदवार ठरवायच्या बैठकीला तिला कधी बोलावलं नाही. भाजपमध्ये निदान मंडलाच्या, म्हणजे पक्षाच्या स्थानिक शाखेच्या, बैठकीत मला खुर्ची आहे आणि माझं नाव इतिवृत्तात येतं.

नोटिशीचं तुमचं म्हणणं मला लागलं, आणि बरोबरच लागलं. मराठी वाचणाऱ्या नगरसेविकेच्या हातात फक्त कन्नड कागद ठेवणं हा अन्याय आहे, आणि हे आमच्या बायकांनी पक्षात राहून ठणकावून सांगायला हवं.

निपाणी_वखार

मी निपाणीची. माझी आई तंबाखूच्या वखारीत होती. तंबाखूच्या धुरळ्यानं तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. १९८० च्या आसपास सुभाष जोशींनी वखारीतल्या बायकांची संघटना बांधली, तेव्हा पहिल्यांदा आमच्या आयांनी मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून मजुरी मागितली. म्हणजे निपाणीच्या बाईला राजकारण भाजपनं शिकवलं नाही, लाल बावट्याच्या अंगानं जाणाऱ्या लोकांनी शिकवलं. आणि आज त्याच बायकांच्या सुना, नाती जोल्ले वहिनींच्या हळदीकुंकवाला रांगेत असतात. हे कसं झालं ते समजून घ्यायला हवं, नुसतं घराणं म्हणून सोडून देऊ नका.

वखारीचं काम कमी झालं. संघटना म्हाताऱ्या झाल्या. त्या जागी काय आलं? बचत गट, धर्मस्थळ संघ, पतसंस्था. यक्संब्याची बिरेश्वर सोसायटी जोल्ले घराण्याची, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. जिच्याकडं कर्ज मिळतं, जिच्या कार्यक्रमात बाई नटून जाते आणि तिथं तिला नावानं हाक मारली जाते, मत तिकडं जातं. वहिनी २०१३, २०१८, २०२३ अशा तीन वेळा आल्या. २०२३ ला तर राज्यभर काँग्रेसची हवा होती आणि समोर राष्ट्रवादीचे उत्तम पाटील जोरात होते, तरी आल्या. पुढच्या वर्षी लोकसभेला वहिनींचे पती अण्णासाहेब काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळींकडून सुमारे ९० हजारांनी पडले. आता सांगा, त्या घरात कोण कुणाच्या नावावर निवडून येतंय?

वडगाव_मंगाई

आई गं, हे फार मोलाचं लिहिलंत. वहिनींच्या कष्टाबद्दल माझ्या मनात शंका नाही. तीन वेळा निवडून येणं खायचं काम नाही. माझा प्रश्न वहिनींच्या नंतरचा आहे. त्यांच्या कार्यक्रमात स्टेजची व्यवस्था बघणारी, गाड्या लावणारी, पाचशे बायकांना फोन करणारी जी बाई आहे, ती कधी उमेदवार होईल का? तिच्यामागं सोसायटी नाही.

जांबोटी_घाट

खानापूरचं चित्र वेगळं हाय. आमच्याकडं २०१८ ला अंजली निंबाळकर आल्या, काँग्रेसच्या, डॉक्टर, मराठी बोलणाऱ्या. २०२३ ला भाजपचे विठ्ठल हलगेकर पन्नास हजारांच्या वर मतांनी आले. भाजपकडं तेव्हा तिकीट मागणाऱ्या बायकाबी होत्या. मिळालं पुरुषाला. निवडून आले, चांगली गोष्ट. पण समोर बाई होती तर आपल्याकडनं बाई द्यावी असं पक्षाला वाटलं न्हाई.

गावात फिरताना काय होतंय ते सांगतो. माझी बायको बूथचं काम करते. दारात गेली की बाई म्हणते, काँग्रेस सरकारच्या गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात, बस फुकट हाय, तुम्ही काय देणार? त्याला उत्तर म्हणून आमच्या बायका भाग्यलक्ष्मीचा, म्हणजे मुलीच्या नावावर सरकारनं ठेवलेल्या पैशांचा, बाँड काढतात. २००६-०७ ला येडियुरप्पांनी आणलेला, त्या पोरी आता अठरा वर्षांच्या झाल्या. ज्या घरात बाँड हाय तिथं बोलणं लगेच जमतं. पण ज्या घरात धाकटी सून आली हाय, तिला २००६ चं काय?

चंदगडी_माहेर

माझं माहेर चंदगड तालुका, सासर उचगावकडं. वहिनीला तिकडं लाडकी बहीणचे दीड हजार, मला इकडं गृहलक्ष्मीचे दोन हजार. दिवाळीला भेटलो की हाच विषय. तिकडं भाजप सरकार देतं आणि इकडं भाजपचे पुढारी स्टेजवरून म्हणतात फुकटच्या योजनांनी राज्य बुडालं. मी भाजपला मत देणारी बाई आहे. मला कुणीतरी एकदा नीट सांगा की पैसे बाईच्या खात्यावर जाणं चांगलं की वाईट. बायकांच्या खात्यावर पैसे आले की घरात काय बदलतं हे महिला मोर्चानं वर सांगायला पाहिजे. आमच्या सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं चष्मा केला. पुढाऱ्यांनी असं बोलण्याआधी हे ऐकायला हवं.

आणि बस फुकट राज्याच्या हद्दीपर्यंतच. कोल्हापूरला माहेरची माणसं असलेल्या निपाणीच्या बायकांना तिकडं जाताना तिकीट काढावंच लागतं. सीमेचा त्रास बाईच्या पर्सपर्यंत येतो तो असा.

टिळकवाडी_तिसरंगेट

पूर्ण सहमत. वाचतोय.

हिंडलगा_दौड

मी पंचविशीतली, त्यामुळं आमच्या पिढीचं सांगते. आम्ही महिला मोर्चातून आलो नाही. आम्ही नवरात्रातल्या दुर्गामाता दौडमधून आलो. पहाटे पाचला फेटे बांधून, पांढरे कपडे घालून, अनवाणी पळत गावच्या देवळापर्यंत. मुलींना त्या वेळी घराबाहेर पडायला बाबा नाही म्हणत नाहीत, कारण ते धर्माचं काम आहे. मला पहिल्यांदा माईक मिळाला तो तिथं. मला गल्लीतली चाळीस पोरं ओळखायला लागली ती तिथं. मग निवडणूक आली की तीच पोरं, तोच व्हॉट्सॲप ग्रुप.

शहापूरचे काका म्हणतात तसं आम्ही मराठी सोडलेली नाही. दौडमधल्या घोषणा मराठीत, शिवाजी महाराज आमचे. पण समितीच्या बैठकीत मुलीला बोलायला जागा नाही आणि पक्षात मुलीला बोलायला जागा आहे पण मराठी बोलायला नाही, अशी आमची अडचण आहे. बेंगळुरूला युवा मोर्चाच्या शिबिराला गेले. तीन दिवस सगळं कन्नडमध्ये. मी मराठी शाळेत शिकलेली, कन्नड कळतं, पण भाषण करण्याएवढं येत नाही. बाकीच्या जिल्ह्यांच्या मुली उठून बोलत होत्या आणि मी हात वर केला नाही. वर कुणाचं नाव जाणार? जी बोलली तिचं.

शहापूर_सीमावासी

बाळा, हे वाचून वाईट वाटलं. समितीत तुला जागा मिळाली नाही ही आमच्या पिढीची चूक आहे, हे मी इथं लिहून ठेवतो. भाजपशी माझा वाद आहे तो आहेच.

राजकारण_वाचक

थोडं अवघड बोलतो, राग मानू नका. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगावजवळच्या वंटमुरीत एका आईला मारहाण करून विवस्त्र केलं गेलं, तिचा मुलगा एका मुलीला घेऊन गेला म्हणून. तेव्हा बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. भाजपनं दिल्लीहून महिला खासदारांचं पथक पाठवलं, महिला मोर्चा रस्त्यावर आला. योग्यच झालं. बरोबर वर्षानं, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याच सुवर्णसौधमध्ये विधानपरिषदेत भाजपच्या सी. टी. रवींनी काँग्रेसच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकरांबद्दल घाणेरडा शब्द वापरला असा आरोप झाला. रवींनी तो नाकारला, त्यांना अटक झाली, उच्च न्यायालयानं सोडायला सांगितलं. खरंखोटं न्यायालय बघेल. पण भाजपच्या महिला नेत्यांपैकी किती जणींनी म्हटलं की चौकशी होऊ दे, शब्द निघाला असेल तर ते चूकच? मोर्चा फक्त समोरच्या पक्षाच्या काळातल्या अन्यायासाठी असेल तर तो महिलांचा मोर्चा कसा?

वडगाव_मंगाई

दादा, राग नाही. हा प्रश्न आमच्या आपापसातल्या बोलण्यात निघाला होता. आमच्यातल्या काही जणींचं मत होतं की एक ओळीचं पत्रक काढावं: सभागृहात कुठल्याच बाईबद्दल असा शब्द नको. ते निघालं नाही. वरून सांगितलं नाही म्हणून निघालं नाही, इतकं साधं कारण आहे. आणि हेच माझ्या मूळ मुद्द्याला येऊन मिळतं. जी बाई स्वतःच्या बळावर झेडपी जिंकून आलेली असते ती पत्रक काढताना वर बघत नाही. जिचं पद नेमणुकीचं आहे ती बघते.

हेब्बाळकरांचं नाव निघालंय तर एक सांगते. मी त्यांच्या विरोधात प्रचार केलाय, पुढंही करीन. पण त्यांच्या पक्षाकडून शिकण्यासारखं आहे. त्या २०१३ ला विधानसभेला पडल्या. २०१४ ला लोकसभेला सुरेश अंगडींकडून पडल्या. तरी पक्षानं टाकलं नाही, संघटनेत ठेवलं, २०१८ ला पुन्हा दिलं, आणि त्या आल्या. आज मंत्री आहेत. आमच्याकडं पुरुषाला पडायची मुभा आहे. पडला तर पुढच्या वेळी पुन्हा त्याचंच नाव चर्चेत असतं. बाई एकदा पडली की म्हणतात, बघा, बायकांना लोक मत देत नाहीत.

माजी_वॉर्डसदस्य

मी एका गावची ग्रामपंचायत सदस्य होते, त्यामुळं खालचं सांगते. ग्रामपंचायतीला चिन्ह नसतं, पण कोण कुणाचं हे सगळ्यांना माहीत असतं. माझी जागा महिला राखीव निघाली म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. पहिलं वर्ष सह्या मी केल्या आणि बोलले हे. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, फोन ह्यांनाच करायचा. एकदा गटारीच्या कामाचं बिल सहीला आलं. मी म्हटलं, आधी गटार बघते. गेले, तर अर्ध्या गल्लीत गटारच नव्हतं, नुसता चर मारून ठेवलेला. मी सही केली नाही. घरात आठ दिवस कुणी धड बोललं नाही. पण त्यानंतर पीडीओ मला फोन करायला लागला, आणि गल्लीतल्या बायका पाण्याचं, रेशनचं थेट माझ्याकडं यायला लागल्या.

मग पुढच्या निवडणुकीला आरक्षण फिरलं. माझी जागा सर्वसाधारण झाली, आणि मला सांगितलं, ताई, तुमचं झालं, आता पुरुषाला संधी. सर्वसाधारण म्हणजे पुरुषाची असं कुठं लिहिलंय? कायद्यात नाही. मी काम शिकले आणि काम शिकल्याबरोबर घरी बसले. झेडपीची निवडणूक झाली असती तर मी तिथं मागितलं असतं. ती झालीच नाही.

जांबोटी_घाट

ताई, गटाराचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, असली बाई आमच्या भागात उभी राहू दे, मी बूथ सांभाळते.

वडगाव_मंगाई

माजी_वॉर्डसदस्य ताई, तुम्ही लिहिलंत ते मी मंडलाच्या बैठकीत नाव न घेता वाचणार आहे. चालेल ना?

बूथचं काम काय असतं हे ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी लिहिते, म्हणजे आम्ही कशाच्या जोरावर मागतोय ते कळेल. मतदारयादीचं एक पान एका बाईकडं. त्या पानावर कोण वारलं, कोण लग्न होऊन गडहिंग्लजला गेली, कोण गोव्याला कामाला आहे आणि मतदानाला येईल की नाही, कुणाच्या घरात भावाभावांत भांडण आहे म्हणून दोन वेगळ्या वेळी जायचं, हे सगळं तिला पाठ असतं. पेन्सिलीनं खुणा असतात, कारण पेननं केल्या आणि यादी दुसऱ्याच्या हातात पडली तर घोटाळा. मतदानाच्या दिवशी दुपारी तीनला ती सांगू शकते की पानावरचे कोण राहिलेत. असं पान सांभाळणाऱ्या शेकडो बायका या जिल्ह्यात आहेत. ज्या आमदाराला त्या निवडून आणतात त्याला स्वतःच्या मतदारसंघाची एवढी माहिती नसते. मग उमेदवारीच्या वेळी ‘बाईला अनुभव नाही’ हे कसं?

शोभा करंदलाजे २००८ ला यशवंतपूरहून आमदार झाल्या, मग मंत्री, खासदार, आता केंद्रात राज्यमंत्री. त्यांच्यामागं नवऱ्याचं नाव नाही, संघटनेचं काम आहे. म्हणजे आमच्या पक्षात हे होऊ शकतं. किनारपट्टीत झालं, सीमाभागात होत नाही, कारण इथं प्रत्येक मतदारसंघावर एकेक घराणं बसलंय, सगळ्याच पक्षांत. जारकीहोळी, कत्ती, जोल्ले. साखर कारखाना, सोसायटी, कॉलेज असलं की तिकीट.

मी ठरवलेलं सांगते. एक, मंडलातून लेखी मागणी: झेडपी, टीपीच्या निवडणुका घ्या, यासाठी पक्षानं आंदोलन करावं, आणि त्यात महिला मोर्चा पुढं असावा. सरकार काँग्रेसचं आहे, त्यामुळं पक्षाला नाही म्हणायला कारण नाही. पण मुदत संपली तेव्हा सरकार आपलं होतं हेही मी बैठकीत बोलणार. दोन, आरक्षण फिरून सर्वसाधारण झालेल्या जागेवर काम केलेल्या बाईचा पहिला विचार व्हावा. तीन, मराठी शाळेतून आलेल्या मुलींसाठी भाषणाच्या कन्नडचा वर्ग, आणि त्याच्याच जोडीला महापालिकेचे कागद मराठीत मिळावेत ही मागणी. दोन्ही एकत्र. एकाशिवाय दुसरं मला मान्य नाही.

हिंडलगा_दौड

वर्ग काढलात तर मी येणार, आणि सोबत चौघी आणणार. फक्त संध्याकाळी सातनंतर ठेवा, दोघी शोरूमला कामाला आहेत.

निपाणी_वखार

पोरी, मागणी लिहून देताना प्रत घे आणि त्यावर पोच घे. आम्ही वखारीत तेच शिकलो. तोंडी मागितलेलं कुणाला आठवत नाही.

चंदगडी_माहेर

उचगाव भागातून झेडपीला उभी राहू शकेल अशा दोघींची नावं माझ्याकडं आहेत. एक अंगणवाडीतून निवृत्त झालेली, एक दूध डेअरीचा हिशोब बघणारी. दोघींच्या घरात कुणी पुढारी नाही. परवानगी विचारून तुम्हाला मेसेज करते. डेअरीवाल्या ताईंना आधी मीच जाऊन विचारते, फोनवर त्या नाहीच म्हणतील.